केनियाच्या प्रवासाची तयारी आणि सुरक्षितता : लस टोचून घेण्यापासून घरी परतेपर्यंत

जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत मसाई मारा हे वन्यप्राण्यांचे राखीव क्षेत्र पाहण्यासाठी महाराष्ट्रातून केनियाला जाणारे पर्यटक आता पुष्कळ आहेत. मुंबईहून नैरोबीला थेट विमान असल्यामुळे हा प्रवास सुमारे सहा तासांत होतो. अंतर थोडे, म्हणून तयारीही थोडी पुरेल असे अनेकांना वाटते आणि अडचणींची सुरुवात तिथेच होते. माझे स्पष्ट मत असे आहे की, गाडीत नीट बसून राहणाऱ्या पर्यटकाला केनियात वन्यप्राण्यांपासून फारसे भय नसते. त्याला जपायचे असते ते रस्त्यांपासून, रात्रीच्या वेळेपासून, डासांपासून आणि अपुऱ्या कागदपत्रांपासून. या चारही गोष्टींची काळजी आधीच घेता येते. म्हणून पुढील माहिती प्रवासाच्या क्रमानेच दिली आहे.

दीड-दोन महिने आधी : लस आणि डॉक्टरांची भेट

यलो फीवरच्या, म्हणजे पीतज्वराच्या लसीबाबत बराच गैरसमज आहे. भारतातून थेट केनियात उतरणाऱ्या प्रवाशाकडे केनिया सरकार हे प्रमाणपत्र सहसा मागत नाही, कारण भारतात हा रोग नाही. प्रमाणपत्र लागते ते परत येताना. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्यामुळे तेथून येणाऱ्या प्रत्येकाकडे भारतीय विमानतळावरील आरोग्य कक्ष लसीचे पिवळे कार्ड मागतो, आणि ते नसेल तर प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार त्या कक्षाला आहे. लस टोचून घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध ठरते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. त्यामुळे पूर्वी कधी ही लस घेतली असेल तर जुने कार्ड शोधून ठेवावे. केनियाहून पुढे टांझानियाला जाणार असाल, तर तेथील सीमेवरही हेच कार्ड दाखवावे लागते.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच ती दिली जाते. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय आणि बंदर आरोग्य कार्यालय, तर गोव्यात मुरगाव येथील बंदर आरोग्य कार्यालय अशी केंद्रे आहेत. तेथे ठरावीक वारीच आणि नोंदणी करूनच लस दिली जाते. सुट्टीच्या हंगामापूर्वी गर्दी होते, हे लक्षात घेऊन किमान महिनाभर आधी दिवस ठरवून घ्यावा. नऊ महिन्यांखालील बाळांना ही लस देत नाहीत. साठ वर्षांवरील व्यक्ती, गर्भवती स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसेल तर तसे लेखी प्रमाणपत्र घ्यावे. कार्डावरील नाव आणि पासपोर्ट क्रमांक अचूक आहेत ना, हे केंद्रातच तपासावे.

दुसरा प्रश्न हिवतापाचा आहे. आपल्याकडे मलेरिया परिचयाचा असल्यामुळे तो फारसा गंभीरपणे घेतला जात नाही. केनियात मात्र बहुतेक रुग्णांत फाल्सिपेरम हा सर्वांत घातक प्रकार आढळतो आणि क्लोरोक्विन त्यावर चालत नाही. सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या नैरोबीत धोका कमी असतो. मोम्बासा व दियानीचा किनारा, व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर आणि मसाई मारा येथे तो असतोच. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. साधारणपणे ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात, तर डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. घरी आलो म्हणून गोळ्या मध्येच थांबवणे ही सर्वांत मोठी चूक होय. गोळ्यांच्या जोडीला संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे, डास दूर ठेवणारे मलम आणि मच्छरदाणी हवीच. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात यांच्या लसींचीही याच भेटीत चौकशी करावी.

नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. घरी बांधलेल्या, नाव नसलेल्या चूर्णांच्या पुड्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांसमोर समजावून सांगणे कठीण जाते, त्यामुळे त्या नेऊ नयेत. जलसंजीवनीची पाकिटे मात्र भरपूर न्यावीत.

प्रवेशाची परवानगी आणि कागदपत्रे

जानेवारी २०२४ पासून केनियाने पूर्वीची व्हिसा पद्धत बंद करून इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी सुरू केली. तिला ईटीए म्हणतात. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, छायाचित्र, परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे आरक्षण यांच्या आधारे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. तान्ह्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र असतो. मंजुरीला साधारण तीन दिवस लागतात, तरी दोन आठवडे आधी अर्ज केलेला बरा. शुल्क सुमारे ३० अमेरिकी डॉलर आहे. शोध घेतल्यावर सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट रक्कम घेणारी अनेक खासगी संकेतस्थळे समोर येतात. केनिया सरकारच्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गो डॉट केई’ असा असतो, तो पाहूनच पैसे भरावेत. केनिया, युगांडा आणि रवांडा हे तिन्ही देश एकाच प्रवासात पाहायचे असतील तर १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा मिळतो. टांझानिया त्यात येत नाही.

पासपोर्ट, परवानगीपत्र, पिवळे कार्ड, विमा आणि तिकिटे या सर्वांच्या छापील प्रती दोन संचांत न्याव्यात, एक संच दुसऱ्या सहप्रवाशाकडे द्यावा आणि एक घरच्यांना पाठवून ठेवावा. मूल एकाच पालकासोबत जात असेल तर दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र आणि जन्मदाखला सोबत असावा.

विमा घेताना केवळ रकमेकडे पाहू नये. मसाई मारा किंवा सांबुरूसारख्या भागात मोठे रुग्णालय जवळ नसते. गंभीर प्रसंगी रुग्णाला विमानाने नैरोबीला आणावे लागते. हवाई रुग्णवाहिकेचा खर्च विम्यात येतो का, आणि आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाब यांबाबत काय अटी आहेत, हे लेखी विचारावे. केनियात १९५७ पासून काम करणाऱ्या आम्रेफ या संस्थेची उडत्या डॉक्टरांची सेवा प्रसिद्ध आहे आणि पर्यटकांना थोड्या मुदतीचे सदस्यत्व घेता येते. अनेक सफारी कंपन्या ते आपल्या दरातच देतात. तुमच्या कंपनीने दिले आहे का, हे विचारून घ्यावे.

सफारी कंपनी निवडताना

केनियात पर्यटन व्यवसायाला पर्यटन नियमन प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि जबाबदार कंपन्या बहुधा केनियाच्या सहल आयोजक संघटनेच्या, म्हणजे काटोच्या सदस्य असतात. सदस्यांची यादी सार्वजनिक आहे. पुण्या-मुंबईतील आयोजकामार्फत जात असाल तरी केनियातली प्रत्यक्ष गाडी आणि चालक कोणत्या कंपनीचे आहेत, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मार्गदर्शकांसाठी तेथील व्यावसायिक संघटना परीक्षा घेऊन कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा श्रेणी देते. उत्तम मार्गदर्शक मिळाला तर सफारीचा आनंद आणि सुरक्षितता दोन्ही वाढतात, म्हणून श्रेणीची चौकशी करण्यात संकोच नसावा.

पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. गाडी उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर आहे की व्हॅन? प्रत्येक आसनाला पट्टा आहे का? खिडकीची जागा सर्वांना मिळेल का? उद्यानांचे प्रवेशशुल्क धरले आहे का? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महाग पडणारा आहे. मसाई मारा राखीव क्षेत्राचे शुल्क परदेशी प्रौढांसाठी जानेवारी ते जून या काळात दर दिवशी १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर आहे. शिवाय हे तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांपुरतेच असते. स्वस्त वाटणारे अनेक कॅम्प सेकेनानी किंवा तालेक प्रवेशद्वाराच्या बाहेर असतात. तेथे राहून रोज आत जायचे तर रोज नवे तिकीट लागते. चार जणांचे कुटुंब तीन दिवस राहिले तर हा फरक किती मोठा होतो, याचा हिशेब आधीच करावा. मारा क्षेत्राचे व्यवस्थापन नारोक काउंटीकडे, म्हणजे तेथील जिल्हा प्रशासनाकडे आहे, तर नाकुरू, त्सावो आणि नैरोबी ही उद्याने केनिया वन्यजीव सेवेच्या अखत्यारीत येतात. त्यांचे शुल्क वेगळे आहे, ते रोखीने घेतले जात नाही आणि बदलत राहते. निघण्याच्या आठवड्यात ताजा दर पाहून घ्यावा.

ऋतू आणि सामान

मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा आणि ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा छोट्या पावसाचा काळ असतो. मोठ्या पावसात दर उतरतात म्हणून तेव्हा जाण्याचा मोह होतो. पण एप्रिल २०२४ च्या अखेरीस नैरोबी-मारा वाटेवरच्या माई माहियू येथे आलेल्या लोंढ्याने मोठी प्राणहानी झाली आणि त्याच आठवड्यात तालेक नदीचे पाणी माऱ्यातील अनेक कॅम्पमध्ये शिरले, हे विसरू नये. पावसाळ्यात जायचेच असेल तर नदीकाठचा कॅम्प टाळावा.

जून ते ऑगस्ट हा तेथील थंडीचा काळ. उघड्या छताच्या गाडीत पहाटे सहा वाजता वारा अंगाला झोंबतो आणि दुपारी उंचीवरचे ऊन भाजून काढते. स्वेटर, कानटोपी, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन ही चारही एकाच दिवशी लागतात. कपडे खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे असावेत. गडद निळा आणि काळा रंग त्सेत्से माशीला आकर्षित करतो. ताडोबाला जाताना हौसेने घातले जाणारे लष्करी छापाचे कपडे मात्र केनियात अजिबात नेऊ नयेत, कारण सैनिकी गणवेशासारखे कपडे तेथे कायद्याच्या कचाट्यात आणू शकतात. ड्रोनही घरीच ठेवावा. नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तो विमानतळावरच काढून घेतला जातो.

आपल्या सामानाबाबत सर्वांत महत्त्वाची सूचना प्लॅस्टिकची आहे. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर जगातील अत्यंत कडक बंदी घातली आहे, आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्याने, वने आणि समुद्रकिनारे येथे एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, पेले आणि चमचेही चालत नाहीत. चिवडा, लाडू, थेपले आणि चटण्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधण्याची आपली सवय येथे मोडावी लागते. खाऊ स्टीलच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावा, चपला-कपड्यांसाठी कापडी पिशव्या वापराव्यात आणि विमानतळावर खरेदीची प्लॅस्टिकची पिशवी मिळाली तर ती उतरण्यापूर्वी टाकून द्यावी. पाण्यासाठी प्रत्येकाची स्टीलची बाटली असावी.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून लहान विमानाने माऱ्याला जाणार असाल तर हातातल्या सामानासह एकूण १५ किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ, चाके व कडक कवच नसलेली लागते. केनियातील विजेची जोडणी ब्रिटिश पद्धतीची, तीन चौकोनी पिनांची आहे. त्यामुळे ॲडॉप्टर न्यावाच.

पैसे

चलन केनियन शिलिंग आहे. ते भारतात सहज मिळत नाही, म्हणून डॉलर न्यावेत. परदेश प्रवासात दर भेटीला ३,००० डॉलरपर्यंतच नोटांच्या रूपात नेता येतात, उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर ठेवावी. जुन्या, दुमडलेल्या किंवा शाई लागलेल्या डॉलरच्या नोटा तेथे घेत नाहीत. मुंबईत नोटा घेतानाच नव्या मालिकेच्या मागून घ्याव्यात. डॉलर बँकेत किंवा विमानतळावरच्या अधिकृत खिडकीत बदलावेत, रस्त्यावर कधीही बदलू नयेत.

केनियातील रोजचे व्यवहार एम-पेसावर चालतात. २००७ मध्ये सुरू झालेली ही मोबाइलवरची पैसे देण्याची पद्धत भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वत्र आहे. विमानतळावर पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचे सिमकार्ड घेतले तर त्यावर एम-पेसाही सुरू करून मिळते. तेथे थोडे शिलिंग भरून ठेवले की मोठी रोकड बाळगावी लागत नाही. त्याचा पिन कोणालाही सांगू नये आणि ‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा’ असा संदेश आल्यास आपली शिल्लक तपासल्याशिवाय काहीही करू नये.

नैरोबीत पोहोचल्यावर

जोमो केन्याटा विमानतळावर शक्यतो दिवसा उतरेल असे विमान निवडावे. हॉटेलची गाडी आधी ठरवलेली असावी किंवा ॲपवरून टॅक्सी बोलवावी. ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्यांसोबत जाऊ नये. गाडीत बसण्यापूर्वी क्रमांक आणि चालकाचे छायाचित्र ताडून पाहावे. २०२२ पासून म्लोलोंगो ते वेस्टलँड्स असा २७ किलोमीटरचा टोल असलेला उन्नत मार्ग झाला आहे. वेस्टलँड्सकडे जायचे असल्यास चालकाला त्याच मार्गाने न्यायला सांगावे, टोल थोडा आहे आणि वाहतूक कोंडीतला दीड-दोन तासांचा वेळ वाचतो.

शहरात सर्वाधिक तक्रारी मोबाइल हिसकावण्याच्या असतात. सिग्नलला गाडी थांबली असताना उघड्या खिडकीशी फोन धरून बसणे म्हणजे तो देऊन टाकण्यासारखेच आहे. काचा वर आणि दारे बंद ठेवावीत. सोन्याचे मंगळसूत्र, साखळ्या आणि बांगड्या घरी ठेवून जाव्यात, ही विनंती मी विशेषतः घरातल्या ज्येष्ठ स्त्रियांना करतो. अंधार पडल्यावर जवळच्या अंतरासाठीही पायी जाऊ नये. मटाटू, म्हणजे रंगीबेरंगी खासगी बस, आणि बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, पाहायला आकर्षक आहेत, पण मटाटू बेफाम चालवल्या जातात आणि बोडाबोडाचे अपघात रोजचे आहेत. सामान आणि कुटुंब सोबत असलेल्या पर्यटकाने दोन्ही टाळावेत. रस्त्यात कोणी साध्या वेशातला माणूस ‘मी पोलीस आहे, पाकीट दाखवा’ म्हणाला तर पाकीट देऊ नये, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा हॉटेलात जाऊन बोलू असे शांतपणे सांगावे. दंड मागितला गेल्यास पावती मागावी.

पार्कलँड्स आणि वेस्टलँड्स या भागांत भारतीय वंशाच्या लोकांची जुनी वस्ती आहे. शाकाहारी आणि जैन जेवण, पूजेचे साहित्य, किराणा सारे तेथे मिळते. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधण्यासाठी हजारो भारतीय मजूर नेले गेले आणि त्यांच्या मागून व्यापारीही आले. आज शहरात जे आपलेपण जाणवते त्याच्या मुळाशी त्यांचे कष्ट आहेत. स्वाहिली भाषेतले ‘डूका’, ‘पेसा’, ‘गारी’, ‘लाकी’ आणि ‘डावा’ हे शब्द आपल्या कानाला लगेच ओळखीचे वाटतात. औषधाचे दुकान शोधताना ‘डूका ला डावा’ अशी पाटी दिसली की ते सापडले असे समजावे.

घड्याळाची गंमत आणि थोडी स्वाहिली

केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु स्वाहिली बोलताना वेळ सूर्योदयापासून मोजतात, जशी आपल्याकडे पूर्वी घटका मोजत असत. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास, आणि दुपारचा एक म्हणजे ‘सा साबा’, सातवा तास. पर्यटकांशी बोलणारे चालक इंग्रजी वेळच सांगतात, तरी स्थानिक माणसाकडून स्वाहिलीत वेळ ऐकली तर सहा तासांचा फरक धरावा आणि घड्याळावर बोट ठेवून खात्री करून घ्यावी.

‘आसान्ते’ म्हणजे आभारी आहे, ‘तफाधाली’ म्हणजे कृपया, ‘हापाना’ म्हणजे नको, ‘बेई गानी’ म्हणजे किंमत काय, ‘बिला न्यामा’ म्हणजे मांसाशिवाय, ‘माजी’ म्हणजे पाणी, ‘हतारी’ म्हणजे धोका आणि ‘निसाइदिए’ म्हणजे मला मदत करा. शाकाहारी लोकांनी ‘बिला न्यामा’ पाठच करावे. सुकुमा विकी ही पालेभाजी किंवा गिथेरी ही मका-घेवड्याची उसळ शाकाहारी दिसते, पण काही ठिकाणी ती मांसाच्या रश्शात शिजवतात. उगाली, चपाती आणि माहारागवे, म्हणजे राजम्यासारखी उसळ, यांवर शाकाहारी माणसाचे पोट उत्तम भरते. कॅम्पला मात्र आहाराच्या अटी आठवडाभर आधी कळवाव्यात, कारण त्यांचा शिधा नैरोबीहून येतो.

रस्ता

केनियातील पर्यटकाला सर्वांत मोठा धोका रस्त्यावर असतो. नैरोबी ते मारा हे अंतर सुमारे २७० किलोमीटर आहे आणि पाच-सहा तास लागतात. वाटेत माई माहियूच्या घाटातून महाखचदरीचे, म्हणजे ग्रेट रिफ्ट व्हॅलीचे दृश्य दिसते, पण त्या उतारावर अवजड ट्रक आणि घाईने पुढे जाणाऱ्या गाड्या यांची सतत गर्दी असते. जून २०२५ मध्ये कतारमध्ये राहणाऱ्या भारतीय पर्यटकांची बस न्यांदारुआ काउंटीत उलटली आणि त्यात मृत्यू झाले, तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण ते सारे आपल्यासारखेच सुट्टीला निघालेले कुटुंबवत्सल लोक होते. त्यामुळे काही गोष्टी हट्टाने पाळाव्यात. पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू होऊ देऊ नये. संध्याकाळी सहानंतर महामार्गावर असू नये, आणि त्यासाठी सकाळी लवकर निघावे. चालक थकला असेल, वेगाने चालवत असेल किंवा फोनवर बोलत असेल तर स्पष्टपणे ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, असे सांगावे. भाड्याचे पैसे आपण दिलेले असतात आणि आपल्या मुलांच्या जिवाची जबाबदारी आपलीच असते, त्यामुळे यात भिडेला जागा नाही. एकाच दिवसात नाकुरू आणि मारा असे दोन मुक्काम जोडणारा कार्यक्रम कितीही आकर्षक वाटला तरी तो नाकारावा.

मोम्बासाला जायचे असेल तर रेल्वे उत्तम. मे २०१७ मध्ये सुरू झालेली माडाराका एक्सप्रेस नैरोबीच्या स्योकिमाऊ स्थानकातून निघून सुमारे पाच तासांत मोम्बासाजवळच्या मिरितिनीला पोहोचते, आणि वाटेत त्सावोतील हत्ती खिडकीतून दिसतात. तिकिटे आधीच काढावीत आणि सामानाची तपासणी होत असल्यामुळे किमान एक तास आधी स्थानकावर असावे. मोम्बासात पोर्तुगिजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला फोर्ट जीझस आहे. त्या काळी त्यांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी गोवा होती, हे ध्यानात ठेवून तो किल्ला पाहिला तर गोवेकरांना त्याच्या बुरुजांत वेगळीच ओळख पटेल. किनाऱ्यावर पोहताना पायात रबरी बूट असावेत, कारण ओहोटीच्या वेळी खडकांत समुद्री साळिंदरांचे काटे असतात. रात्री किनाऱ्यावर फिरू नये.

उद्यानात

ताडोबा किंवा पेंचला गेलेल्यांना वाटते की नियम तेच असतील. मूळ नियम खरोखर तोच आहे : गाडीतून उतरायचे नाही. माऱ्यात गवत उंच असते आणि पाच मीटरवर निजलेली सिंहीण दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये पर्यटकांनी गाड्यांतून उतरून मारा नदीच्या काठावर गर्दी केल्याची, त्यामुळे नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्ट या हरणकुळातल्या मोठ्या प्राण्यांच्या कळपांची वाट अडल्याची चित्रफीत पसरली आणि त्यानंतर सरकारने नियमांची अंमलबजावणी कडक केली. चालकाला गाडी रस्त्याबाहेर घालण्यासाठी किंवा प्राण्याच्या अगदी जवळ नेण्यासाठी पैसे देऊ करू नयेत. त्याचा परवाना जाऊ शकतो आणि चित्त्यासारख्या लाजऱ्या प्राण्याची शिकार त्यामुळे हुकते, त्याची पिल्ले उपाशी राहतात.

कॅम्पना बहुधा कुंपण नसते. रात्री तंबूतून जेवणघराकडे जाताना आस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला बोलावूनच निघावे. अंधारात पाण्याकडून चरायला आलेला पाणघोडा वाटेत उभा असू शकतो, आणि दिसायला सुस्त असला तरी तो माणसापेक्षा वेगाने धावतो. तंबूची चेन पूर्ण लावावी, खाऊचे डबे तंबूत उघडे ठेवू नयेत, कारण बबून माकडे डबा उघडण्यात तरबेज असतात. माकड चावले किंवा ओरखडले तर जखम पंधरा मिनिटे साबणाने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी. बूट घालण्यापूर्वी झटकून घ्यावेत.

मसाई लोकांची छायाचित्रे त्यांना विचारूनच काढावीत. गावाला भेट द्यायची असेल तर शुल्क आधी चालकाच्या समक्ष ठरवावे. मार्गदर्शकाला बक्षिशी देण्याची प्रथा आहे, गाडीमागे दिवसाला दहा डॉलरच्या आसपास धरून चालावे. हस्तिदंत, प्राण्यांची कातडी, शिंपले किंवा पिसे कोणी विकायला आणली तरी घेऊ नयेत. २०१३ च्या वन्यजीव कायद्यात त्यासाठी मोठा दंड आणि तुरुंगवास आहे.

टाळायचे भाग आणि टाळायचे दिवस

सोमालियाच्या सीमेलगतच्या मांडेरा, वाजिर आणि गारिसा या काउंट्यांत तसेच लामू काउंटीच्या मुख्यभूमीवर पर्यटनासाठी जाऊ नये. तेथे अल-शबाब या दहशतवादी गटाचे हल्ले होत आले आहेत. नैरोबीतही सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर आणि जानेवारी २०१९ मध्ये दुसित हॉटेल संकुलावर हल्ले झाले. तेव्हापासून मॉल, हॉटेले आणि विमानतळाच्या प्रवेशापाशी कडक तपासणी होते. परतीच्या विमानासाठी तीन-साडेतीन तास आधी पोहोचावे, कारण विमानतळाच्या बाहेरच गाडीतून उतरवून पहिली तपासणी करतात.

नैरोबीत राजकीय निदर्शने होतात. २५ जून २०२४ रोजी करविषयक विधेयकाविरुद्ध तरुणांचा मोर्चा संसदेत शिरला होता आणि पुढील वर्षी त्याच दिवशी व ७ जुलैला पुन्हा मोठी निदर्शने झाली. या तारखांच्या आसपास शहराच्या मध्यभागी मुक्काम करू नये. सार्वत्रिक निवडणूक दर पाच वर्षांनी ऑगस्टमध्ये येते आणि पुढची २०२७ मध्ये आहे. ती ऐन विल्डबीस्टच्या महास्थलांतराच्या हंगामात येत असल्यामुळे त्या वर्षी माऱ्याला सप्टेंबरच्या उत्तरार्धात जावे, असा माझा सल्ला आहे. संसद, राष्ट्रपतिभवन, लष्करी ठाणी, पोलीस आणि विमानतळाची सुरक्षाव्यवस्था यांची छायाचित्रे काढू नयेत.

काही विपरीत घडल्यास

आणीबाणीसाठी ९९९ किंवा ११२ हे क्रमांक आहेत. ग्रामीण भागात मदत यायला वेळ लागतो, म्हणून सफारी कंपनीचा चोवीस तास चालणारा क्रमांक आणि विमा कंपनीचा क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा. फोन चोरीला गेल्यावर फोनमध्ये साठवलेले क्रमांक उपयोगी पडत नाहीत. लुटारूंनी अडवले तर प्रतिकार करू नये, मागितलेली वस्तू देऊन टाकावी.

पासपोर्ट हरवल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून ‘पोलीस ॲबस्ट्रॅक्ट’ नावाचा दाखला घ्यावा लागतो. तो आणि पासपोर्टची प्रत घेऊन नैरोबीतील भारतीय उच्चायुक्तालयात किंवा मोम्बासातील सहायक उच्चायुक्तालयात गेल्यास परतीसाठी तातडीचे प्रवासपत्र मिळू शकते. प्रवासाला निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर नोंदणी केलेली असली तर संकटकाळी संपर्क सोपा होतो.

परतल्यानंतर

मुंबईला उतरताच आरोग्य कक्षात पिवळे कार्ड दाखवावे लागते, ते हाताशी ठेवावे. त्यानंतर मलेरियाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण कराव्यात. परतल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप, थंडी, अंगदुखी किंवा उलट्या यांपैकी काहीही झाले तर वातावरणातल्या बदलाचा ताप म्हणून घरी थांबू नये. फाल्सिपेरम मलेरिया चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो, तर वेळेवर निदान झाले तर औषधाने तो पूर्ण बरा होतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आपण केनियाहून आलो आहोत आणि कोणत्या तारखेला आलो, हे आपणहून सांगावे, आणि मलेरियाची रक्ततपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. पहिली तपासणी नकारात्मक आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा करून घ्यावी.